पारण्याचे मूग

गुणमालाच्या मोडलेल्या घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवले, त्याला बरेच दिवस झाले होते. तरी जखम काही भरून येत नव्हती. तशातच जैनांचं दशलक्षण पर्व आलं आणि तिनं नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपवास धरले. सांगलीजवळच्या त्या गावातल्या बायका रोज येऊन तिच्यापुढे हात जोडत.

"पाय असा, आन् निश्चय बघा," म्हणत.

तिचा नवरा सुकुमार आधी सुखावला होता. आता मात्र तो धास्तावला होता. दरवर्षी उपवास संपायच्या आधीच गुणमाला पारण्याच्या तयारीला लागायची. कढणाचे मूग निवडायची, जिरं किती टाकायचं यावरून त्याच्याशी हुज्जत घालायची. यंदा पारणं उद्यावर आलं, तरी मुगाचा डबा जागचा हलला नव्हता.

"मूग भिजत घालू का गं?"

"कशाला?" ती भिंतीकडं बघत म्हणाली. "मला न्हाई लागायचे."

सुकुमारला दवाखाना आठवला. ड्रेसिंग करताना डॉक्टर राजेश्वरींनी तिला विचारलं होतं, "मावशी, पाय मोडला की मन पण खचतं. म्हणून सगळ्यांनाच विचारते मी. जगणं नकोसं वाटतं का कधी?"

"छे हो, आमची लय खंबीर हाय," असं उत्तर त्यानंच देऊन टाकलं होतं. गुणमालानं त्याच्याकडं पाहिलं होतं आणि मान खाली घातली होती. जखम भरायला डाळ-दूध हवं, असंही डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पण व्रताचं डॉक्टरांना काय विचारायचं, म्हणून तो गप्प बसला होता.

त्यानं अंगणात जाऊन साताऱ्यात राहणाऱ्या मुलीला, ब्राह्मीला, फोन लावला आणि मनातली शंका बोलून दाखवली.

"अप्पा, आईला सरळ विचारा. विचारल्यानं मनात नसलेलं काही येत नाही."

तो आत आला. "गुणमाला, हा उपवासच हाय न्हवं? का... जगूच नये वाटतंय?"

तिनं भिंतीवरची नजर काढून त्याच्याकडं वळवली. मग म्हणाली, "व्हय. मोरीपतूर जायला बी माणूस लागतंय. संपावं वाटतंय सगळं. आवं, बायका पाया पडत्यात माझ्या. त्यास्नी कसं सांगू?"

सुकुमारनं तिथंच तिच्यापाशी बसून डॉक्टरांना फोन केला आणि उपवासासकट सगळं सांगितलं.

"आत्ताच घेऊन या, काका," त्या म्हणाल्या. "त्यांना एकटं सोडू नका. आणि घाईनं काही खायला घालू नका. इतक्या उपवासानंतर ते मी सांगेन तसंच."

दवाखान्यात डॉक्टरांनी खुर्ची गुणमालाजवळ ओढली आणि पूर्वीचाच प्रश्न पुन्हा विचारला. सवयीनं सुकुमारचं तोंड उघडलं. त्यानं ते मिटलं आणि तिचा हात धरला.

गुणमालानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं वळून ती हळूहळू बोलू लागली.