श्वासाच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुनी छापील प्रत आहे. टोंगातल्या वावाऊ बेटावर, आमच्या चर्चमध्ये गायचं एक मोठं गाणं माझ्यावर आकड्यांत छापलेलं आहे. आमच्याकडे सूर आकड्यांतच लिहितात. आम्ही चाळीस बहिणी एकाच दिवशी छापखान्यातून निघालो. तेव्हा आम्हाला वेगळं ओळखणं खुद्द छापणाऱ्यालाही जमलं नसतं.

मी लोसेआत्याच्या वाट्याला आले. जिथे श्वास घ्यायचा, तिथे तिने पेन्सिलीने बारीक रेघा मारल्या. वीस वर्षं तिने मला जपलं, आणि उकडलं की माझाच पंखाही केला.

यंदा तिची भाची सेलाई हिने माझे फोटो काढून सगळ्यांच्या फोनवर पाठवले. मला भारी नवल वाटलं. मी आत्याच्या मांडीवर, आणि त्याच वेळी चाळीस हातांत! खोटं कशाला बोलू, मी फुशारले. बाकीच्या प्रती खोक्यात भरून उमूपाशी गेल्या. जमिनीतली ती भट्टी पेटवायला कागद लागतोच.

रविवारी पाहुण्या गावांसमोर गायचं होतं. शनिवारच्या तालमीत गाणं ओळीओळीला तुटू लागलं. चाळीस गळे एकदम गप्प व्हायचे, पुन्हा एकदम सुरू व्हायचे. अर्धे गाणारे नवे होते, आणि जुन्यांनाही काही सुचेना.

शेवटी आत्याच म्हणाली, "अरे, तुम्ही सगळे माझ्या जागी श्वास का घेताय?"

"तुझ्या खुणा आहेत त्या, आत्या," सेलाई हळूच म्हणाली. "त्या ओलांडायची कुणाची छाती आहे?"

आमच्याकडे बापाची बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द. आणि लोसे तर अर्ध्या गावाची आत्या.

"अगं, मी श्वास घ्यायचे तेव्हा तुझा बाप सूर धरून ठेवायचा. त्याची प्रत कुठंय?"

सेलाईचा चेहरा उतरला. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. ती उमूकडे धावली. बारा प्रती राख झाल्या होत्या. वडिलांची खोक्याच्या तळाशी सापडली. जिथे मी कोरी होते, नेमक्या तिथे तिच्यावर रेघा होत्या. वीस वर्षांत मला हे कधी कळलंच नव्हतं.

मित्रांनो, फोनवरची माझी छबी मलाही आवडते. पण ती एकटीची आहे. त्या बारा जणींवर कुणाचे श्वास होते, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून जुना कागद पेटवण्याआधी एकदा उघडून बघत जा.

रविवारी पहिल्या खुणेपाशी आत्याने श्वास घेतला. शेजारी सेलाई वडिलांची प्रत हातात घेऊन गात राहिली, आणि गाणं तुटलं नाही.