विसावी मुलगी

ही हकीकत मी आजवर कोणाला सांगितली नाही. मला ती नीट सांगता येईल असं आजही वाटत नाही.

१९५७ सालचा जून. मुरुमपासून दोन कोसांवरच्या एका गावात मी मराठी शाळेचा मास्तर होतो. मल्लिकार्जुनाच्या देवळाच्या एका अंगाला माझी शाळा, दुसऱ्या अंगाला कल्याणप्पा मास्तरांची कानडी शाळा. मूल कोणत्या शाळेत घालायचं ते आता आईबापांनीच ठरवावं आणि अर्जावर अंगठा द्यावा, असा हुकूम आला होता. जिथं वीस मुलं होणार नाहीत, ती शाळा बंद.

माझ्याकडे एकोणीस झाली. राहिली होती फक्त महादेवी, रुद्रम्माची सात वर्षांची एकुलती एक मुलगी.

"मराठी शिकली तर कचेरीत कुठंतरी चिकटंल," रुद्रम्मा म्हणाली. "पर घरात माझ्याशी कानडीत कोण बोलंल, मास्तर? मला न्हाय ठरवता येत. देवाला इचारते."

गावात असा पेच पडला की कौल लावत. पिंडीच्या दोन्ही बाजूंना ओली फुलं चिकटवायची. जे आधी पडेल, तो देवाचा शब्द. उजवं फूल मराठी शाळेचं, डावं कानडी शाळेचं, असं ठरलं. रुद्रम्मा डोळे मिटून बसली. पुजारी स्वामी तेल आणायला बाहेर गेले. मी उंबऱ्यापाशी अर्ज घेऊन उभा. बराच वेळ झाला, एकही फूल हलेना. गाभाऱ्यात उकडत होतं, हे खरं आहे. मी हातातल्या अर्जानं वारा घेतला, हेही खरं. पण तो वारा मी माझ्या तोंडावर घेतला नाही.

उजवं फूल पडलं. रुद्रम्मानं अंगठा दिला.

दुसऱ्या दिवसापासून महादेवी माझ्या शाळेत कोपऱ्यात बसू लागली. नाव घेतलं की "हजर, गुरुजी" म्हणे. बाकी काही बोलत नसे. तिचं मराठी पहिल्या दिवसापासून स्वच्छ होतं. मला त्याचा आनंदच झाला, असा मी.

आठवड्याभरानं कल्याणप्पा पारावर भेटले.

"काय गोपाळराव, रुद्रम्माची पोरगी पळवली म्हणून गावात मिरवताव म्हणं?"

"पळवली कुठं? कौल मिळाला."

"मग ती माझ्याकडं रोज कशी बसती हो?" ते हसले. "कौल तुमचा, पोरगी माझी!"

मला थट्टा वाटली. तरी दुसऱ्या दिवशी, मुलांना पाढे लिहायला सांगून मी देवळाला वळसा घातला आणि कानडी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. महादेवी तिथं होती. तांबडी रिबीन, मांडीवर पाटी, पाय घोट्यापर्यंत धुळीनं माखलेले. मी धावतच परत आलो. माझ्या कोपऱ्यातही महादेवी होती. तीच रिबीन, तीच पाटी. पाय मात्र स्वच्छ. त्या गावात जूनमध्ये कोणाचे पाय स्वच्छ नसत.

संध्याकाळी रुद्रम्मा आपण होऊन आली. "मास्तर, पोरगी घरी येती, चुलीपाशी बसती. आठ दिस झालं, भाकरीला शिवली न्हाय. मी कानडीत हाक मारली तर वळून बघत न्हाय. ही माझी न्हाय हो."

मी कौलाचं सगळं सांगितलं. ती मला शिव्या देईल असं वाटलं होतं. 

"चूक माझीच," ती म्हणाली. "माझं काम मी देवावर टाकलं. देव गप बसला, तर तुमी बोललाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कानडी शाळेच्या दारात उभी राहिली. "माझी पोरगी इथं शिकंल. मी सांगते," असं मोठ्यानं म्हणाली आणि मुलीला हाक मारली. "बा, मगळे!" ये, पोरी.

धुळीच्या पायांची महादेवी बाहेर आली आणि आईच्या लुगड्याला बिलगली. "अव्वा, हसिवाग्याद," ती म्हणाली. भूक लागलीय. रुद्रम्मानं तिथंच पायरीवर बसून तिला भाकरी भरवली.

मी माझ्या वर्गात आलो. कोपरा रिकामा होता. मला हायसं वाटलं. शाळा जाणार म्हणून वाईटही वाटलं, आणि कोणतं अधिक, ते आजही सांगता येत नाही.

चार दिवसांनी तपासनीस साहेब आले. मी खरं सांगितलं, "साहेब, एकोणीसच आहेत." नावंही एकोणीसच वाचली. विसाव्या नावावर आदल्या दिवशीच काट मारली होती. मी हजेरी मिटली, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला,

"हजर, गुरुजी."

साहेबांनी बोटानं डोकी मोजली. "वीस भरतात की, मास्तर. घाबरता कशाला?"

'तिला मोजणीत धरू नका' एवढं मला म्हणता आलं असतं. मी खाली पाहत राहिलो. साहेबांनी सही केली आणि शाळा राहिली.

पुढं अकरा वर्षं मी तिथं शिकवलं. मुलं वाढली, मोठी होऊन गेली, नवी आली. कोपऱ्यातली मात्र तेवढीच राहिली. त्या कोपऱ्यात मी कोणाला बसू दिलं नाही. बसा म्हटलं असतं, तरी कोणी बसलं नसतं.