घरभेटीची प्रार्थना

किटलीचं झाकण खडखडलं आणि हेस्टर दचकली. ओठांतल्या ओठांत घोळवत असलेला नाटकातला संवाद तुटला. तिने किटली उतरवली, हात पुसले, तोच दारावर टकटक झाली.

चर्चचे वडीलधारे लोरेन्सकाका छातीशी हॅट धरून उभे होते. वर्षातून एकदा मंडळीतल्या प्रत्येक घरी ही भेट ठरलेली. पण नेहमी दोघं येत, आज ते एकटेच आले होते. आठवड्याचे बाकीचे दिवस ते पोलिसांत असत. दक्षिण आफ्रिकेत आणीबाणी लागल्यापासून तिथे त्यांचं नेमकं काम काय, हे ब्लूमफाँटेनमध्ये कुणी विचारत नसे.

त्यांनी कॉफीत टोस्ट बुडवला, पाच वर्षांच्या मिन्कीला शाळेचं विचारलं. मग वेसेलची चौकशी. हेस्टरने सगळ्यांना सांगितलेलंच सांगितलं: नवऱ्याला लष्कराचं बोलावणं आलं, सीमेवर गेलाय. मिन्कीलाही तेवढंच ठाऊक होतं. खरं तर बोलावणं आलं त्याच आठवड्यात वेसेल ॲमस्टरडॅम गाठून मोकळा झाला होता. नाटक सोडलं असतं तर लोकांना शंका आली असती, म्हणून शनिवारी पहिला प्रयोग. आणि रविवारी सकाळी, सगळे चर्चमध्ये असताना, मायलेकींचं विमान.

काकांनी टेबलावरची संहिता चाळली. आफ्रिकान्स भाषेतलं नाटक. देश पेटलेला असताना लंडनच्या एका खोलीत रेडिओला कान लावून बसलेली चार माणसं.

“तुझं काम कुठलं, पोरी?”

“लिडियाचं. ती सारखी परत जायचं म्हणते.”

“जाते?”

“नाही, काका. पडदा पडतो तरी बॅगच भरत असते.”

“आमच्या हिच्यावर गेलीय,” ते हसले. “दोन दिवस माहेरी जायचं तर आठवडाभर भरते, आणि मोरंब्याची बरणी घरीच.”

हेस्टरही हसली. जरा जास्तच वेळ.

निघण्याआधी प्रार्थना व्हायची. तिघांनी हात धरले, डोळे मिटले. काकांचा तळवा कोरडा, उबदार होता.

“प्रभू, या लेकराला सांभाळ. वेसेललाही सांभाळ. कालव्यांच्या त्या शहरात त्याला एकटं वाटू देऊ नकोस.”

हेस्टरने डोळे उघडले. सीमेवर शहर नव्हतं. वाळू होती नुसती. कालवे ॲमस्टरडॅमला. काकांचे डोळे घट्ट मिटलेले होते. चेहरा हळवा झाला होता, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

“आणि येत्या रविवारी या दोघी मला माझ्या पुढच्या बाकावर दिसू देत. आमेन.”

“आमेन,” मिन्की म्हणाली.

काका दारापर्यंत गेले, पण बाहेर पडले नाहीत. उंबऱ्याशी उभे राहून हॅटची कड बोटांनी फिरवत राहिले.

मिन्कीने आईचा स्कर्ट ओढला.

“आई, रविवारी आपण काकांच्या पुढेच बसणार ना?”