डोळ्यातला ब्रेक

मी केरबा. प्राणिशास्त्र विभागात शिपाई. गगनबावड्याच्या ओढ्यातनं खेकडं धरून आणायचं, टाक्यातलं पाणी बदलायचं, त्यास्नी खायला घालायचं, हे माझं काम. खेकडा चावला तर मी सोसतो, पर माणसानं डोकं खाल्लं की गप बसत न्हाय.

क्रांतीताई आमच्याकडं पीएच.डी. करत्यात. विषय काय, तर खेकडा कात कवा टाकतो. त्यांनीच मला समजावलंय. खेकड्याच्या डोळ्याच्या देठात एक रस तयार हुतो. तो रक्तात असला की कात टाकायचा हुकूम देणारी ग्रंथी गप पडून राहती. रस कमी झाला की ती जागी हुती, आन् खेकडा जुनं कवच सोडून भाईर पडतो. म्हंजे ब्रेक डोळ्यातच हाय की. तो रस बनवणारा जनुक किती चालू हाय, ते ताई कागदावरच्या काळ्या पट्टीनं दाखवायच्या. एरवी पट्टी गडद, कात टाकायच्या आधी पुसट.

ताईंचं मार्गदर्शक दत्तोपंत सर. कागद नाकाला लावायचं आन् म्हणायचं, "दोन्ही पुसटच दिसतात. फरक कुठाय? परत कर." तीन वर्षं हेच. ताईंना वारणानगरच्या कॉलेजात नोकरी ठरलेली, पर महिनाअखेरीला प्रबंध सादर झाला तरच. आन् सरांची सही हुईना. एक दिवस ताई टाकीपाशी उभं राहून रडल्या, तवा माझं टाळकंच सरकलं.

दुसऱ्या दिवशी भांडायच्या तयारीनंच गेलो. बघतो तर सर चार नंबरच्या टाकीवर वाकलेलं. हातात उकडलेल्या अंड्याचं तुकडं.

"केरबा, हा खेकडा दोन दिवस काही खात नाही. लक्ष कुठं असतं तुझं?"

मी वाकून बघितलं. खेकडा कवाच कात टाकून दगडाखाली जाऊन बसलेला. सर त्याच्या रिकाम्या कवचाला भरवत हुतं.

माझा राग कुठल्या कुठं गेला. कवच उचललं आन् सरांच्या तळहातावर ठेवलं. "सर, आत कोण न्हाय."

सरांनी बोटानं चाचपलं. कवच मोडलं.

"माझे डोळे ठणठणीत आहेत," सर म्हणालं.

"व्हय की. चला, रिक्षा बोलवतो."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. डॉक्टरनी विचारलं, इतकी वर्षं काय करत हुता? सर म्हणालं, संशोधन. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आन् महिना संपायला तीन दिवस उरलं हुतं तवा सर काळा गॉगल लावून विभागात आलं.

ताईंनी कागद पुढं केला. सरांनी गॉगल काढला आन् लई वेळ बघत बसलं. एक पट्टी कोळशागत, शेजारची नुसती सावली. मला शिपायाला बी कळत हुतं.

"हा कधीचा?"

"पहिलाच, सर. तीन वर्षांपूर्वीचा."

सरांनी खिशातनं पेन काढलं आन् सही केली. मग पहिल्यांदाच ताईंच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"क्रांती, तुला चष्मा कधी लागला?"

"दोन वर्षं झाली, सर. पट्ट्या परत परत करताना."

सरांनी गॉगल परत लावला. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं न्हाय, असं डॉक्टरनी बजावलं हुतं. आतनं आलं तर काय करायचं, ते मी बी विचारलं न्हवतं.