टेकचंदच्या तोंडातला स्क्रू

मी एक जुना स्क्रू आहे, मित्रांनो. हसू नका. दाराच्या बिजागरीत नाही की सायकलच्या मडगार्डात नाही, मी एका माणसाच्या तोंडात राहून आलो आहे. अंगानं मी तांदळाच्या दाण्याएवढा. खाली आटे, वर सपाट डोकं आणि डोक्यावर एक बारीक खाच. माझा धातू असा की मला गंज चढत नाही. पूर्वी याचा मला फार तोरा होता. आता वाटतं, थोडा गंज चढला असता तर बरं झालं असतं. काही गोष्टी विसरता तरी आल्या असत्या.

मी घडलो परदेशात आणि नागपूरच्या एका डॉक्टरच्या बॅगेतून इकडे आलो. जबड्याच्या हाडात धातूचं मूळ रोवायचं आणि त्यावर दात बसवायचा, ही विद्या तो नवीनच शिकून आला होता. ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. भंडाऱ्याकडे असलं काही कोणी ऐकलंही नव्हतं. हाड त्या मुळाला घट्ट धरेपर्यंत मुळाच्या तोंडावर झाकण होऊन बसायचं, एवढंच माझं काम. राखणदारी म्हणा ना.

माझ्या वाट्याला आला तो टेकचंद. गाव एकोडी, नोकरी जवाहरनगरच्या कारखान्यात, हुद्दा फिटर, राहणं तिथल्याच क्वार्टरमध्ये. टेकचंदनं आवळलेला नट सुटत नाही, असं त्याचा फोरमन चारचौघांत सांगायचा. नट बसला की टेकचंद थांबत नसे. वरून आणखी पाव पिळा द्यायचा, तेव्हाच त्याचा जीव शांत व्हायचा. त्याच सवयीनं त्याचा घात केला. उन्हाळ्यात गावी गेला असताना हातपंपाचा नट आवळताना तो शेवटचा पिळा द्यायला गेला, पाना सटकून तोंडावर बसला आणि वरचा समोरचा दात मुळासकट गेला.

दात तर पुष्कळांचे जातात. पण टेकचंदचा जीव नाटकात होता. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक लागतंच. एकोडीच्या नाटकात वकील म्हणजे टेकचंद. कोर्टातलं त्याचं लांबलचक भाषण ऐकायला पंचक्रोशी लोटायची. गावातली पोरं त्याला नावानं हाक मारतच नसत, वकीलसाहेबच म्हणत. आता समोर खिंडार पडलं आणि ‘स’ म्हटला की नुसती हवा निघू लागली. नाटक बसवणारे भय्याजी मोठ्या मनाचे. दात बसेपर्यंत तालमीत तुझ्या जागी गावातलाच इश्वर उभा राहील, मंडईला मात्र वकील तूच, असं त्यांनी सांगून टाकलं.

डॉक्टरनं मूळ रोवलं, वर मला बसवलं आणि हिरडीबाहेर माझं डोकं तेवढं ठेवलं. दिवाळी होता होता दात बसेल म्हणाला. मात्र बजावलं, हा वरचा स्क्रू कधी हलल्यासारखा वाटला तर घाबरायचं नाही, पण बोटही लावायचं नाही. तसंच उठून माझ्याकडे यायचं.

ते महिने माझ्या आयुष्यातले सुखाचे. हाड हळूहळू मुळाला बिलगत होतं आणि माझी छाती फुगत होती. टेकचंद लोकांसमोर तोंड उघडत नसे, पण आंघोळ करताना, कारखान्याच्या बसमध्ये खिडकीशी बसून, ओठातल्या ओठात भाषण घोकायचा. मला ते तोंडपाठ झालं. ‘सरकार, साक्षीदाराला समोर आणा’ हे वाक्य आलं की त्याची जीभ येऊन मला धडकायची. येता-जाता ती मला चाचपायचीही. मी किती सोसणार? दसऱ्याच्या सुमाराला मी जरासा ढिला झालो.

एवढंच झालं होतं, मित्रांनो. ढिला मी झालो होतो. मूळ जागच्या जागी होतं.

रविवारची दुपार होती. टेकचंदनं खिडकीत आरसा टेकवला आणि घड्याळदुरुस्तीचा बारीक पेचकस काढला. त्याची बायको ललिताबाई तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

“डाक्टरनं हात लावू नोका सांगतलं ना? नागपूरले जाऊन या.”

“अवं, एवढ्याशा स्क्रूसाठी नागपूर कायले? दिवसभर हेच त करतो मी.”

त्याचा हात खरंच सोन्यासारखा होता. पहिल्याच पिळ्यात मी बरोबर बसलो. मला वाटलं, सुटलो बुवा. पण बोटांना सवय पडलेली. त्यानं वरून पाव पिळा दिला. मी फिरलो आणि माझ्यासोबत खालचं मूळही फिरलं. इतके महिने हाडानं जे धरून ठेवलं होतं ते त्या पाव पिळ्यात सुटलं. मला जीभ असती तर मी ओरडलो असतो. टेकचंदला कळ आली, डोळ्यांत पाणी आलं, तरी आरशात बघून तो म्हणाला, आता पक्का बसला.

मग ठणका सुरू झाला. ओठ सुजला, पू आला, ताप चढला. मंडई तोंडावर आलेली, म्हणून तो मूग गिळून बसला. शेवटी ललिताबाईनंच त्याला धरून नागपूरला नेलं. डॉक्टरनं मला चिमट्यात धरलं, तर माझ्यामागोमाग मूळच बाहेर आलं. कोणी फिरवलं, असं त्यानं विचारलं.

“मीच, साहेब. ढिला झाला होता.”

“ज्यानं बसवला त्याच्याकडे यायचं होतं हो. पाच मिनिटांचं काम होतं.”

हाड झिजून गेलं होतं. शेजारचा दातही काढावा लागला. नवीन मूळ रोवायला तिथे आता जागा उरली नाही, हे सांगताना डॉक्टरचाही आवाज पडला. निघताना टेकचंदनं मला मागून घेतलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

त्याच खिशातून मी रंगीत तालीम ऐकली. शाळेच्या मैदानावर दिवसाउजेडी चालली होती, पोरं भोवती जमली होती. भाषणाच्या ऐन मध्यात इश्वर अडकला. पुढचं वाक्य कोणालाच आठवेना. भय्याजींनी टेकचंदकडे पाहिलं. टेकचंदनं तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला आणि वाक्य सांगितलं. वाक्य बरोबर होतं, पण दोन दातांच्या खिंडारातून नुसता फुसफुस आवाज आला. पोरं खदाखदा हसली. त्यांचं काय चुकलं? वकीलसाहेब आपली गंमत करताहेत असंच त्यांना वाटलं. टेकचंदनं दुपट्टा पुन्हा वर घेतला आणि तो घरी निघून आला. त्यानंतर तो मंडईला कधी गेला नाही.

मी आता उरल्यासुरल्या स्क्रूंच्या डब्यात पडून आहे, त्या पेचकसाच्या शेजारी. हे माझे शेजारी गंजले. मी मात्र आलो तेव्हा होतो तसाच चकचकीत आहे. माझ्याकडे कोणी बघत नाही याचं मला दुःख नाही. दुःख याचं की ते भाषण मला अजून तोंडपाठ आहे, आणि मला बोलता येत नाही. मित्रांनो, तुमच्याकडे हात असतील, हुन्नर असेल, तरी भरत आलेल्या जखमेवर तो चालवू नका.

परवा क्वार्टरमधला नळ ठिबकू लागला. ललिताबाई म्हणाली, जरासा आवळून द्या. टेकचंदनं डबा उघडला, पेचकसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि झाकण लावलं.

“ज्यानं बसवला त्यालेच बोलाव,” तो म्हणाला.

नळ अजून ठिबकतो आहे.