दवाखान्याच्या रस्त्याखालची चिकणमाती

मित्रांनो, मी दवाखान्याच्या रस्त्याखालची जुनी चिकणमाती. नदीने वर्षानुवर्षे बारीक गाळ आणून टाकला, त्यातून मी झाले. पाणी प्यायले की मी फुगते आणि ऊन लागले की आक्रसते, मग भेगा पडतात. त्यामुळे माझ्यावरचा रस्ता कधी धड राहिलाच नाही. येणारा-जाणारा मला नावे ठेवी.

एकदा भर पावसात रुग्णवाहिका माझ्यात रुतली. आत कळा सुरू झालेली बाई होती. नर्सताईंनी तिला खांद्याचा आधार देत उरलेली वाट चालवत नेले. आई आणि बाळ सुखरूप राहिली, पण तिचे कण्हणे मी ऐकले होते. मला स्वतःची लाज वाटली.

पाऊस सरल्यावर इंजिनियरसाहेब आले. "ही माती काढून फेका. बाहेरून भराव आणू," ते म्हणाले.

सोबत माती तपासणाऱ्या बाई होत्या. त्यांनी उकिडवे बसून मला चिमटीत चोळले. "साहेब, एवढा भराव यायला वर्ष जाईल. आधी हिला चुना घालून बघू."

प्रयोगशाळेत त्यांनी मला वाळवले, कुटले, चाळले. चुना आणि पाणी मिसळून लोखंडी साच्यात ठोकले आणि माझे छोटे नमुने पाडले. आठवड्याने एक नमुना यंत्राखाली दाबला. तो लगेच फुटला.

"बघा, मी म्हणत होतो," साहेब म्हणाले.

"चुन्याला मुरायला वेळ लागतो. अजून तीन आठवडे द्या."

"आणि नाही जमलं तर?"

"तर खोदकामाच्या कागदावर मी स्वतः सही करीन."

माझ्यावर एवढा भरवसा आजवर कोणी टाकला नव्हता. उरलेले नमुने ओल्या गोणपाटाखाली ठेवले होते; तिथे चुना माझा कण न् कण हळूहळू धरून ठेवत होता.

तीन आठवड्यांनी दुसरा नमुना दाबला, तेव्हा यंत्राचा काटा चढत चढत रस्त्याला लागणाऱ्या ताकदीच्या खुणेपुढे गेला. साहेबांनी चष्मा पुसून आकडा पुन्हा वाचला. "पाण्यात भिजवून पाहिलंत का?"

"हा भिजवलेलाच आहे, साहेब."

मग रस्ताभर मला उकरून चुना कालवला, वरून रोलर फिरवला. पुढच्या पावसाळ्यात रुग्णवाहिका माझ्यावरून सरळ निघून गेली. "दवाखाना कधी आला कळलंच नाही," ड्रायव्हरकाका म्हणाले.

मित्रांनो, मी आता कणखर झाले आहे, पण कडेच्या गटारात कचरा टाकू नका. तिथे पाणी तुंबले की माझ्या कडा पुन्हा ढिल्या पडतात. तेवढे तुम्ही जपा. वरून जाणाऱ्यांना मी सांभाळीन.