चार नंबर कुणाचा?

ओलिंदा बेन्तान्कोरच्या हॉटेलात आठ खोल्या आहेत. सात खोल्यांतून समुद्र दिसतो आणि एकीतून पाण्याची टाकी. ओलिंदाच्या वडिलांच्या काळी तिथे मासे खारवायची खोपटी होती. भिंती अजून त्याच आहेत, दमट हवेत वासही तोच येतो. ब्वेनोस आयरेसची श्रीमंत माणसं कोळ्यासारखं साधं राहायला मिळावं म्हणून इथे बक्कळ पैसे मोजतात. खरे कोळी मागच्या रस्त्याला चकचकीत फरशीच्या घरांत एसी लावून राहतात. कोळ्यासारखं राहणं त्यांना परवडत नाही.

मी शेजारी राहतो. ओलिंदाच्या बरोबरीचा, तिच्याच शाळेतला. त्यामुळे तिच्या हॉटेलात फुकट बसायचा आणि तिच्या भानगडीत नाक खुपसायचा मला जन्मसिद्ध हक्क आहे.

टाकीवाली खोली म्हणजे चार नंबर. दर जानेवारीत ती आन्सेल्मोसाहेब घेतात. स्पेनमधले निवृत्त नोटरी, विधुर, वय सदुसष्ट, इस्त्रीची चड्डी घालून पोहायला जाणारे. गेली नऊ वर्षं ते दोन-दोन महिने टाकी बघत राहतात. ओलिंदाने त्याच भाड्यात समुद्राची खोली देऊ केली, तर म्हणाले, "टाकी छान आहे."

"कंजूष नाही, वेडा आहे," ओलिंदाने निकाल दिला.

टाकीखाली स्वयंपाकघराची मागची पायरी आहे आणि त्या पायरीवर ओलिंदा रोज सकाळी सातला भोपळ्याच्या तुंब्यातून नळीने माते, म्हणजे आमचा कडू पाल्याचा चहा, पीत बसते, हे तिच्या लक्षात आलं नाही. आचारी वॉशिंग्टनच्या दुसऱ्या वर्षी आलं, माझ्या तिसऱ्या.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी साहेब माझ्या ओसरीवर येऊन बसले. आमचा दक्षिणेकडचा उन्हाळा संपत आला होता, दुसऱ्या दिवशी त्यांची दहाची बस होती.

"फेर्मिन, पुढच्या वर्षी मी येणार नाही."

"गुडघे?"

"गुडघे उत्तम आहेत. पण नऊ वर्षं झाली. बाईंना मी आवडत नाही, हे समजायला एवढी वर्षं पुरेत."

"तिने सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पहिल्या वर्षी, तिसऱ्याच सकाळी, मी पायरीजवळून चाललो होतो. त्यांनी स्वतःहून मला माते दिला. मी प्यायलो. त्यानंतर आजतागायत पुन्हा कधी विचारलं नाही."

"तुंबा परत देताना तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? आभार मानले. आम्ही संस्कारी घरातले."

मी कपाळाला हात लावला. अहो, आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं की मातेचा तुंबा मुकाट्याने परत करायचा. मग तो भरून पुन्हा तुमच्याकडे येतो. आभार मानलेत, की त्याचा अर्थ 'पुरे, आता मला नको.' या गृहस्थाने पहिल्याच घोटाला बाईला नको म्हटलं होतं, तेही मान लववून.

मी हे सांगितल्यावर साहेब एकदम पांढरे पडले. "नऊ वर्षं!" एवढंच म्हणाले आणि विचार करायला समुद्रात शिरले.

मी तडक ओलिंदाकडे गेलो. ती चादरी मोजत होती.

"तुला काही कामधंदा नाही का रे?" सगळं ऐकून ती म्हणाली.

"नाही. म्हणून तर आलो."

"नऊ वर्षांपूर्वीचा माते आता गार झाला. आणि हॉटेलवालीने पाहुण्यात जीव गुंतवायचा नसतो, हे माझ्या बापाने सांगितलंय."

"तुझा बाप मासे खारवत होता. त्याच्याकडे कोण पाहुणा येणार? बांगडा?"

"बाहेर हो, फेर्मिन." पण ती तीच चादर चौथ्यांदा मोजत होती, हे मी पाहिलं.

इकडे समुद्रात विचार करणाऱ्या साहेबांच्या नाकावर एक लाट बसली आणि चष्मा घेऊन गेली. चष्म्याशिवाय त्यांना स्वतःचा हातही अंदाजानेच दिसतो. बाहेर आले ते भलत्याच ठिकाणी. किनाऱ्यावर सगळ्यांच्या छत्र्या कच्च्या कापसाच्या रंगाच्या, कारण रंग असणं यंदा गावंढळ समजलं जातं. साहेब एकेका छत्रीखाली वाकून "माफ करा, ओलिंदाबाईंचं हॉटेल कुठे?" असं विचारत भलत्याच दिशेने निघाले, आणि शेवटी जीवरक्षक नेल्सनच्या पोटावर जाऊन आदळले.

नेल्सन दोन मीटर उंच आहे आणि नियमाला पक्का. आमच्या किनाऱ्यावर पोर हरवलं, की ते सापडेल त्याने खांद्यावर घ्यायचं आणि टाळ्या वाजवायच्या. मग शेजारचा वाजवतो, त्याच्या शेजारचा वाजवतो, सगळा किनारा वाजवतो. आई आवाजाच्या रोखाने धावत येते. आणि "माझं!" असं कुणी म्हणेपर्यंत टाळ्या थांबवायच्या नसतात. नियमात वयाचा उल्लेख नाही.

"हरवलात का आजोबा?" नेल्सनने विचारलं.

"होय, असंच म्हणावं लागेल," साहेब खरं बोलले.

पुढच्या क्षणी ते नेल्सनच्या खांद्यावर होते, आणि टाळ्या सुरू.

मी धावत पोचलो तोवर पाचशे माणसं उभी राहून वाजवत होती. परदेशी पाहुण्यांना वाटलं, इथे रोज सूर्यास्ताला वाजवतात त्याच या टाळ्या. त्यांनी क्षितिजाकडे तोंड करून वाजवल्या. सूर्य अजून डोक्यावर होता.

"कुणाचा हाऽऽ?" नेल्सन ओरडला.

वॉशिंग्टन शेवाळाच्या भज्यांचा झारा आणि कढईचं झाकण घेऊनच आला होता. "अहो, हे तर आमच्या हॉटेलचे..."

मी त्याच्या पायावर पाय दिला. "गप बस, मेल्या. हॉटेलचे नाहीत. कुणाचे तरी आहेत."

वॉशिंग्टनने माझ्याकडे पाहिलं, वरती साहेबांकडे पाहिलं, आणि झारा झाकणावर बडवायला लागला.

दहा मिनिटं झाली. माझे तळहात लाल झाले. वर बसलेले साहेब, चष्मा नसल्याने, गर्दीच्या दिशेने अदबीने हात हलवत होते. आणि मग हॉटेलच्या गच्चीवर ओलिंदा दिसली, काखेत चादर.

तिला वाटलं पोर हरवलंय. तिनेही टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग तिने नीट पाहिलं. तिच्या टाळ्या थांबल्या.

"कुणाचा हाऽऽ?" नेल्सन.

ओलिंदा जिना उतरली. वाळूत तिच्या सपाता रुतल्या, तिने त्या तिथेच सोडल्या. अनवाणी, गर्दी बाजूला सारत ती नेल्सनसमोर येऊन उभी राहिली. एवढा वेळ लागला की मला वाटलं, ती आता वळते.

"माझा," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं, बाई!"

"माझा आहे म्हटलं ना, टोणग्या! उतरव त्याला खाली!"

पाचशे माणसांच्या टाळ्या झटक्यात थांबल्या, नियमच तसा. फक्त लाटांचा आवाज. साहेबांचे पाय वाळूला लागले, आणि ओलिंदाने प्रत्येक आई करते तेच केलं. आधी झापलं.

"कुठे तडफडला होतास? लांब जायचं नाही, एवढं कळत नाही? माणसाच्या जिवाला घोर!" नऊ वर्षं 'चार नंबरचे साहेब' म्हणणारी बाई हे बोलली. मग तिने चादर त्यांच्या खांद्यावर लपेटली, आणि स्वतःचे ओले डोळे पुसायला त्याच चादरीचं टोक वापरलं.

दहाची बस दुसऱ्या दिवशी वेळेवर सुटली. रिकामी सीट घेऊन.

आणि त्याच सकाळी सातला पायरीवर दोघं होती. मी सहज, म्हणजे खास तेवढ्यासाठी उठून, कुंपणापाशी आलो होतो. ओलिंदाने तुंबा भरून पुढे केला. साहेबांनी शेवटचा थेंब ओढला, तुंबा परत दिला, आणि संस्कारी घरातल्या माणसाने तोंड उघडलं.

"आ..." ते म्हणाले.

मी कुंपणाआडून इतक्या जोरात खोकलो की कावळे उडाले.

साहेबांनी तोंड मिटलं. ओलिंदाने तुंबा पुन्हा भरला.